लस नको म्हणणाऱ्याच्या घरी बसून काय बोलायचं

पहिलेच सांगून देते, मी डॉक्टर नाही. वाशीम जिल्ह्यात बारा वर्षं आशा म्हणून घरोघरी फिरली, आता गटप्रवर्तक आहे, म्हणजे वीसेक आशांचं काम पाहते. नवीन आशा लागली की तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "ताई, लोकं लसीले नाही म्हणतात, काय बोलू?" आणि आता तर पुण्याहून चुलतभावाचाही फोन येते की फॅमिली ग्रुपवर काकानं कसलातरी व्हिडिओ टाकला, त्याला काय उत्तर देऊ. तेव्हा म्हटलं एकदाच लिहून टाकते. लांब होईल, चहा घेऊन बसा.

आधी माझी फजिती सांगते, म्हणजे मी काहून असं म्हणते ते कळेल.

नोव्हेंबर 2018, गोवर-रुबेलाची मोहीम होती, 9 महिने ते 15 वर्षांपर्यंतची सगळी लेकरं, शाळाशाळांत टीम. आमच्या गावात टीम यायच्या तासभर आधी एक बाप सायकलवर आला आणि दोन्ही पोरं वर्गातून उठवून घेऊन गेला. मी मागं-मागं त्याच्या घरी गेली. म्हणे, "मले माहीत हाय, ह्या सुईनं पुढं लेकरं होत नाही." मी लागली ना मग समजवायला, गोवर काय असते, रुबेला काय असते, गरोदर बाईला रुबेला झाला तर पोटातल्या बाळाला काय होते, पोस्टर उघडून दाखवलं, अर्धा तास बोलली असेल. तो मान हलवत होता, मला वाटलं जमलं. पोरं काही आली नाहीत.

दोन दिवसांनी पुन्हा गेली तर तो वावरात गेलेला, म्हातारा बाजेवर बसून होता. मी नुसती बसली, काही बोलली नाही, खरं सांगायचं तर थकली होती. तर म्हातारा आपणहून म्हणाला, "बाई, 76 साली माह्या भावाले जीपमधी टाकून नेलं होतं. लगन व्हायचं होतं त्याचं."

बस. मला तेव्हा उमजलं की त्या घरात भीती व्हॉट्सॲपमधून आलीच नव्हती. ती त्या जीपमधून आली होती. आणीबाणीत 1976-77 या एका वर्षात देशात 80 लाखांवर नसबंद्या झाल्या, आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तर 1976 मध्ये सक्तीच्या नसबंदीचं बिल पास केलं होतं, राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही. सरकारचा माणूस, सरकारची सुई आणि लेकरं न होणं, ह्या तीन गोष्टी त्या घरात एकत्र घडलेल्या. आणि मी तिथं रुबेलाचं पोस्टर घेऊन बसली होती!

तर पहिलं काम हे. उत्तर द्यायच्या आधी ती गोष्ट कुठून आली ते काढा. माझे दोनच प्रश्न असतात, "तुम्हाले हे कोणी सांगतलं?" आणि "सगळ्यात जास्त भेव कायचं वाटते?" हे विचारलं की गप्प बसायचं, मध्ये बोलायचं नाही, लई अवघड आहे पण बसायचं. पहिलं उत्तर बहुतेक वरवरचं असते ("सगळेच म्हणतात"), खरं उत्तर दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला येते, कधीकधी तर दुसऱ्या भेटीत.

आणि हे आपल्याच अडाणी खेड्यातलं आहे असं समजू नका, नंतर मी वाचत गेली तसं पाहिलं की हीच "लेकरं होणार नाही" वाली अफवा अख्ख्या जगात फिरून आलेली आहे. 1990 मध्ये आफ्रिकेतल्या कॅमेरूनमध्ये धनुर्वाताची लस मुलींना वांझ करते म्हणून पोरी शाळेतून पळाल्या. 2014 मध्ये केनियात तीच लस, तोच आरोप, तिथं तर बिशप लोकांनीच केला. नायजेरियाच्या कानो राज्यात 2003 मध्ये पोलिओचे डोसच बंद पाडले, जवळपास वर्षभर. आता कानोच्या लोकांना मूर्ख म्हणणं सोपं आहे, पण तिथं 1996 मध्ये मेंदूज्वराची साथ चालू असताना फायझर ह्या अमेरिकन कंपनीनं लेकरांवर नव्या औषधाची चाचणी केली होती, आईबापांना नीट सांगितलंच नाही म्हणून पुढं किती वर्षं कोर्टकचेऱ्या चालल्या. म्हणजे तिथंही जीप होतीच, वेगळी.

पाकिस्तानचं तर अजून वेगळं. लादेनला शोधायला 2011 मध्ये अमेरिकेच्या सीआयएनं ॲबटाबादमध्ये एका डॉक्टरकडून हिपॅटायटिस बी च्या लसीकरणाचं नाटक करून घेतलं. "लसवाले हेर असतात" ही अफवा तिथं आधीपासून होती, आणि ह्या वेळी ती खरी निघाली! त्यानंतर पोलिओचे थेंब पाजणाऱ्या बायांना गोळ्या घातल्या गेल्या, माझ्यासारख्याच बाया, दिवसाच्या चार पैशांसाठी दारोदार जाणाऱ्या. 2014 मध्ये अमेरिकेनं जाहीर केलं की इथून पुढं लसीकरणाचा असा वापर करणार नाही. ही बातमी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा जेवण गेलं नाही.

कानोचं कोडं सुटलं कसं, ते आपल्या कामाचं आहे. भाषणानं नाही सुटलं. त्यांनी आपलीच माणसं पाठवून लस तपासून घेतली, आणि शेवटी लस आली ती इंडोनेशियातून, मुसलमान देशात बनलेली, म्हणून लोकांचा विश्वास बसला आणि 2004 मध्ये डोस परत चालू झाले. तोवर तिथला पोलिओ भलत्याच देशांत जाऊन पोचला होता, 2005 मध्ये इंडोनेशियात साथ आली तिचं मूळही तपासात नायजेरियाच्याच विषाणूपर्यंत गेलं. पण शेवट चांगला झाला हो, ऑगस्ट 2020 मध्ये सगळी आफ्रिका जंगली पोलिओतून मुक्त झाल्याचं जाहीर झालं.

त्या म्हाताऱ्याला मी काय म्हटलं? "आबा, तुमच्या भावाचं चुकीचंच झालं. तशी जबरदस्ती आता कोणी केली तर मी स्वतः तुमच्यासंग उभी राहीन." मग म्हटलं, ही सुई मी माझ्या पोरीला दिली, तुमच्या सुनेला विचारा, ती होती तिथं. एवढंच. धाकटं पोरगं पुढच्या सत्रात आलं. मोठं नाही आलं, तेही सांगते, उगाच पिक्चरसारखं सगळं गोड झालं असं नाही.

खरं असेल तेवढं आधी कबूल करायचं

नवीन आशा इथंच चुकतात. त्यांना वाटते की "लसीनं काहीच होत नाही" म्हटलं की माणूस निर्धास्त होते. उलटं होते बाप्पा. पेंटाव्हॅलेंट (पाच रोगांवरची एकच सुई) दिली की संध्याकाळी ताप येऊ शकते, त्यातल्या डांग्या खोकल्याच्या भागानं येते, मांडी लाल होते, सुजते, लेकरू रात्रभर रडते. आणि तुम्ही सांगून गेल्या होत्या काहीच होत नाही. आता तुमचं पुढचं एकही वाक्य त्या घरात चालत नाही.

माझ्याच एका केसमध्ये असंच झालं, दीड महिन्याचं बाळ, सुई दिलेल्या सिस्टरनं घाईत काहीच सांगितलं नाही, रात्री ताप, सासरा म्हणे चांगलं खेळतं लेकरू टोचून आणलं. त्या घरातल्या पुढच्या दोन डोसांसाठी मला अकरा चकरा माराव्या लागल्या, मोजल्या मी. तेव्हापासून सत्र संपून कोणी बाई उठली की चार गोष्टी सांगितल्याशिवाय जाऊ देत नाही: आज कोणती लस दिली, काय त्रास होऊ शकते आणि झाला तर काय करायचं (पॅरासिटामॉल सिस्टरनं सांगितलं तेवढंच, मांडी चोळायची नाही, अंगावर पाजत राहायचं), पुढची तारीख कोणती, आणि कार्ड जपून ठेवा. अर्धा तास थांबायला पण लावते. "आज रात्री ताप येईल बरं का" असं आधीच सांगितलं आणि खरंच आला, तर सासू दुसऱ्या दिवशी म्हणते, हो, ताईनं सांगतलं होतं. तोच ताप, तेच लेकरू.

आता मोठी चूक झाली तर? होते ना. लपवू नका. 31 जानेवारी 2021, आमच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यात, पोलिओच्या दिवशी 12 लेकरांना थेंबाच्या जागी सॅनिटायझर पाजलं गेलं. लेकरं दवाखान्यात ठेवली, वाचली सगळी, कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. पण पुढचे दोन महिने माझ्या गावात मी थेंबाची शिशी काढली की कोणीतरी म्हणायचंच, "वास घेऊन पाय बरं आधी." मी काय करायची, शिशी त्यांच्या हातात द्यायची. घ्या वाचा, नाव वाचा, वास घ्या, मग पाजते. त्यात अपमान कसला?

सामोआचं ऐकलं का? पॅसिफिक समुद्रातला चिमुकला देश, दोन लाख लोकसंख्या, म्हणजे आपल्या एखाद्या तालुक्याएवढा. 2018 मध्ये तिथं दोन बाळं गोवरची लस दिल्यावर काही मिनिटांत दगावली. लसीची पावडर ज्या पाण्यात कालवतात त्या पाण्याऐवजी नर्सनं चुकून भुलीच्या वेळी वापरतात ते औषध कालवलं होतं. लस चांगली होती, हात चुकला. पण सरकारनं अख्खं गोवर लसीकरणच कितीतरी महिने बंद ठेवलं, आणि मधल्या रिकाम्या जागेत बाहेरचे लसविरोधी लोक फेसबुकवर भरभरून बोलत राहिले. 2019 च्या शेवटी गोवर आला. 83 माणसं गेली, बहुतेक लेकरं. शेवटी सरकारनं दोन दिवस सगळा देश बंद ठेवला, ज्या घरात लस घ्यायची राहिली त्यांनी दारावर लाल कापड लावायचं आणि टीम घरोघरी फिरली. चूक झाली त्याच आठवड्यात कोणीतरी उभं राहून "काय चुकलं, कोणाचं चुकलं, आता काय बदललं" हे सांगितलं असतं तर ही वेळ आली असती का?

गप्प बसण्याचं दुसरं उदाहरण जपान. तिथं 2013 मध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या लसीनंतर काही मुलींना त्रास झाल्याच्या बातम्या आल्या, सरकारनं लस बंद नाही केली पण "घ्या" म्हणणं थांबवलं. सत्तरेक टक्क्यांवरून लसीकरण एक टक्क्याच्याही खाली आलं. परत "घ्या" म्हणायला 2022 उजाडलं.

कोविशिल्डचंही असंच बोला. 2024 मध्ये लंडनच्या कोर्टातली बातमी आली की रक्ताच्या गाठीचा दुर्मिळ त्रास होऊ शकते हे कंपनीनं मान्य केलं, आणि आपल्याकडं हार्ट अटॅकनं गेलेला प्रत्येक माणूस लसीच्या खात्यावर लिहायला लागले. मी म्हणते, हो, तो त्रास खरा आहे, फार थोड्या लोकांना झाला, आणि झाला तो लस घेतल्यावर पहिल्या काही आठवड्यांत. तीन वर्षांनी गेलेल्या माणसाचं कारण दुसरीकडं पहा, बीपी कधी मोजला होता का ते विचारा. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडते, तसं आहे हे. आपल्या गावात लोकांना ही म्हण माहीतच आहे, नवीन शब्द शोधायची गरज नाही.

बोगस मालाची भीती

विदर्भात एक भीती आपली खास आहे, ती बाहेरच्या ट्रेनिंगमध्ये कोणी शिकवत नाही. 2020 च्या खरिपात सोयाबीन उगवलंच नाही म्हणून केवढी बोंब झाली होती आठवते ना. दुबार पेरणी केलेला माणूस म्हणते, "ताई, पैसे देऊन बियाणं बोगस भेटते, तं फुकटची लस कशी खरी राहीन?" याला काय चुकीचं म्हणाल? मला तर हा सगळ्यात शहाणा प्रश्न वाटते.

ह्या माणसाला बोलून नाही, दाखवून पटते. सत्राच्या दिवशी बोलवा आणि शिशी दाखवा. शिशीवर एक गोल असते आणि त्याच्या मध्ये फिक्कट चौकोन. लस गरम होत गेली की तो चौकोन काळवंडत जाते, गोलाएवढा गडद झाला की शिशी फेकायची, वापरायचीच नाही. त्याला म्हणा तूच सांग आता, चौकोन फिक्कट आहे का? मग निळा डबा उघडून बर्फाचे पॅक दाखवा, 2 ते 8 डिग्रीत कशी राहते ते सांगा. मग सिरिंज, एकदा दाबली की दांडा अडकून बसते, परत भरताच येत नाही, वापरलेली एक त्याच्या हातानं ओढायला लावू नका अर्थातच, सिस्टरनं सुई टोचल्यावर लांबूनच दाखवावी. एका सोयाबीनवाल्यानं हे सगळं पाहून मला म्हटलं, "असा चौकोन बियाण्याच्या थैलीवर काहून नाही बे?" बरोबर आहे त्याचं!

आणि ढोरांचं विसरू नका. 2022 ला लंपी आला तेव्हा गाईबैलांना लस द्यायला लोकं सकाळी सहापासून रांगेत होते, डॉक्टरला फोनवर फोन, आमच्या गावात कधी येता जी. ती लस होती शेळीच्या देवीची, त्याच जातीचा रोग म्हणून गाईला चालली. पावसाळ्याआधी फऱ्या-घटसर्पाची सुई बैलाला कोणी चुकवत नाही. मी विचारते, "दादा, बैलाले दिली ना?" "देली." "बैलाले ताप आला होता का?" "आला, एक दिस चारा नाही खाल्ला." "मंग?" तो हसते. हे टोमण्यानं नाही बोलायचं हां, लेकरापेक्षा बैल प्यारा का असा सूर लागला की संपलं. त्याला जे आधीच पटलेलं आहे तिथून हात धरून फक्त एक पाऊल पुढं न्यायचं आहे.

देवाधर्माशी भांडू नका

गोवर निघाला की "माता आली" म्हणतात, कडुनिंबाचा पाला बांधतात, दवाखान्यात नेत नाहीत. नवीन पोरी तिथं जाऊन अंधश्रद्धेवर लेक्चर देतात आणि घर कायमचं तोडून येतात. मी म्हणते पाला राहू द्या, पूजा करा, त्यानं काही बिघडत नाही, पण गोवरात लेकराचे डोळे जातात, न्यूमोनिया होते, म्हणून अ जीवनसत्त्वाचे दोन डोस लागोपाठ दोन दिवस द्यायचे आणि सिस्टरला दाखवायचं. मातेची पूजा करणाऱ्या आजीला मग विचारा दंडावरची खूण दाखवायला. "देवी काढली" होती ना तिची लहानपणी? आजीच्या पिढीनं देवीही मानली आणि लसही टोचून घेतली. भारतात देवीचा शेवटचा रोगी 1975 मध्ये सापडला, 1980 मध्ये सगळ्या जगातून गेल्याचं जाहीर झालं. तोंडावर वण असलेलं तरणं माणूस गावात दाखवा म्हणा एक तरी.

तसं पाहिलं तर लसीची थट्टा नवीन नाही. 1802 मध्ये इंग्लंडात एक व्यंगचित्र निघालं होतं, देवीची लस गाईच्या रोगापासून बनते म्हणून टोचलेल्या लोकांच्या अंगातून गाई फुटून निघत आहेत असं. आणि 2020 मध्ये ब्राझीलचे राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारो काय म्हणाले, लस घेऊन तुम्ही मगर झालात तर कंपनी जबाबदार नाही. दोनशे वर्षांत गाईची मगर झाली फक्त.

धर्माचा प्रश्न खरा असला तर त्याच धर्माच्या माणसाकडून उत्तर येऊ द्या. इंडोनेशियात 2018 मध्ये गोवर-रुबेलाच्या लसीत डुकरापासूनचा पदार्थ वापरलाय म्हणून वाद झाला, तिथल्या उलेमा परिषदेनं स्पष्ट सांगितलं की हो वापरलाय, पण दुसरी लस मिळत नाही आणि गरज मोठी आहे म्हणून चालते. उत्तर प्रदेशात पोलिओच्या वेळी मशिदीतून इमामांनी आवाहन केलं, शाळेच्या पोरांच्या टोळ्या लेकरांना बूथवर घेऊन आल्या. 2009 मध्ये जगातल्या पोलिओच्या निम्म्याच्या आसपास केसेस आपल्या देशात होत्या, 741. शेवटची केस 13 जानेवारी 2011 ला हावड्याची. मार्च 2014 ला पोलिओमुक्तीचं सर्टिफिकेट आलं. ही एवढी मजल डॉक्टरांच्या भाषणानं गाठली असती असं मला नाही वाटत.

आपल्याकडं कोणाचं ऐकतात ते आधी पाहून ठेवा. तांड्यावर नाईकाचा शब्द चालते, मेळघाटात कोरकू घरात भूमका, म्हणजे त्यांचा गावठी वैद्य, येऊन गेलेला असते तर त्याला डावलून जाऊ नका, त्यालाच सोबत घ्या आणि कोरकूतूनच बोला. पण नव्वद टक्के घरांत खरी मालकीण सासू असते, सून कितीही बारावी शिकलेली असू द्या. मी आधी सासूजवळ बसते, तिच्या गुडघ्याचं विचारते. गडीमाणसं पानठेल्यावर भेटतात, तिथं मी जात नाही, तिथं माझा नवरा जाते, त्याला मी चार वाक्यं पाठ करून देली आहेत.

कधीकधी ज्याला रोग झाला तोच सगळ्यात मोठा डॉक्टर ठरते. आयर्लंडमध्ये त्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या लसीचं प्रमाण 87 टक्क्यांवरून पन्नासच्या आसपास आलं होतं. तेव्हा लॉरा ब्रेनन नावाच्या विशीतल्या पोरीनं, तिला स्वतःलाच तो कॅन्सर झाला होता, टीव्हीवर येऊन आईबापांना सांगितलं की माझ्या वेळी लस मिळाली असती तर बरं झालं असतं, तुम्ही पोरींना द्या. मार्च 2019 मध्ये ती गेली, वय 26. लसीकरण परत वर आलं. आमच्या भागात पोलिओनं पाय गेलेला एक दुकानदार आहे, त्याच्याजवळ मी पंधरा मिनिटं बसली आणि विचारलं, येता का जी एकदा ग्रामसभेत. तो म्हणाला येतो पण बोलणार नाही. आला, बसला, बोलला नाही. चाललं.

व्हॉट्सॲपवर कसं करायचं

पुण्याच्या भावासाठी हे. काकानं ग्रुपवर टाकलं तर ग्रुपवरच "काका खोटं आहे हे" लिहू नको. चारचौघांत तोंडघशी पडलेला माणूस मागं सरत नाही, दुसऱ्या दिवशी अजून तीन व्हिडिओ टाकते. पर्सनल मेसेज कर, नाहीतर सरळ फोन कर, तब्येत विचार, मग विषय काढ. ग्रुपवर बाकीचे वाचतात म्हणून काही टाकायचंच असेल तर काकाचं नाव न घेता फक्त खरी गोष्ट टाक. आणि खरी गोष्ट पहिल्या ओळीत. लोकं पहिली ओळ वाचतात, दुसरी वाचत नाहीत, पहिल्या ओळीत "लसीनं ऑटिझम होतो का?" लिहिलं तर तेवढंच डोक्यात राहते. व्हायरल व्हिडिओ तर परत जोडूच नको, "हा खोटा आहे" लिहून पाठवला तरी तू तो पन्नास लोकांना दाखवलाच.

असं लिही: "गोवरची लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या लेकरांत ऑटिझमचं प्रमाण सारखंच निघालं, डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांवर लेकरं तपासली, 2019 मध्ये छापून आलं. उलटं सांगणारा पेपर 1998 चा होता, फक्त 12 लेकरांवरचा, वेकफिल्ड नावाच्या इंग्लंडच्या डॉक्टरचा. ज्या मासिकानं छापला त्यानंच 2010 मध्ये मागं घेतला आणि त्याच वर्षी त्याचं डॉक्टरकीचं रजिस्ट्रेशनही गेलं. ऑटिझमची लक्षणं आणि ह्या लसीचं वय एकच असते, दीड वर्षाच्या आसपास, म्हणून आईला तसं वाटणं साहजिक आहे." एवढंच. एका मेसेजला एक मुद्दा, शेवटी लिंक फक्त एक. बारा मुद्दे टाकले की वाटते हा माणूस घाबरलाय.

व्हिडिओ आला तर तीन गोष्टी पहा, कुठला आहे, कधीचा आहे, पुढं-मागं काय कापलंय. पाकिस्तानात पेशावरला एप्रिल 2019 मध्ये पोलिओचे थेंब घेऊन पोरं बेशुद्ध पडली असा व्हिडिओ फिरला, हजारो आईबाप लेकरं घेऊन दवाखान्यात पळाले, जमावानं एक आरोग्य केंद्र जाळलं. मग दुसरा तुकडा बाहेर आला, त्यात एक माणूस पोरांना इशारा करते की झोपा आता, आणि पोरं मुकाट्यानं आडवी होतात. पण दुसरा तुकडा पहिल्याएवढा फिरत नाही ना, तीच तर गोची आहे.

ज्याचा धंदाच लसविरोधावर चालते त्याच्याशी वाद घालू नका, वेळ वाया जाते. तुमचं गिऱ्हाईक तो नाही, मध्ये उभी असलेली बाई आहे जिला खरंच कळत नाही की उद्या बाळाला न्यायचं की नाही.

आणि तरीही नाही म्हटलं तर

भांडून उठू नका. रेशन बंद होईन, दाखला मिळणार नाही असल्या धमक्या तर तोंडातही आणू नका, ती जीप परत दारात उभी होते. "बरं, मी पुढच्या महिन्यात येते" म्हणायचं आणि खरंच जायचं.

एक गैरसमज मात्र आपणच, म्हणजे आरोग्यवाल्यांनीच पसरवलेला आहे, की तारीख चुकली म्हणजे आता लस मिळत नाही, परत पहिल्यापासून चालू करावं लागते. ऊसतोडीला, वीटभट्टीवर गेलेली माणसं सहा महिन्यांनी परत येतात आणि लाजेनं कार्डच काढत नाहीत, कारण मागं कोणीतरी ओरडलेलं असते. तर लिहून घ्या, बीसीजी (क्षयाची लस) एक वर्षापर्यंत देता येते, पेंटाव्हॅलेंटचा पहिला डोस एक वर्षाच्या आत सुरू केला की राहिलेले नंतर पुरे करता येतात, पोलिओचे थेंब आणि गोवर-रुबेला पाच वर्षांपर्यंत, आणि जिथं तुटलं तिथूनच पुढं चालू करायचं, पहिल्यापासून नाही. कार्ड हरवलं असेल तर उपकेंद्रात रजिस्टरला नाव असतेच, नवीन बनवून मिळते.

मागच्या फेब्रुवारीत एक बाई आली, कारखान्यावरून आलेली, कडेवर साडेतीन वर्षांचं पोरगं, कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ब्लाउजमध्ये ठेवलेलं. दारातच उभी. म्हणे, "ताई, लई उशीर झाला, रागावसान का?" मी म्हटलं बस आधी. सिस्टरनं कार्ड पाहिलं, गोवरचा एकही डोस नव्हता. पहिला त्याच दिवशी दिला, दुसऱ्याची तारीख कार्डावर लिहून दिली.